शेवटच्या थांब्यावर बस रिकामी उभी असते, मग ती निघत का नाही?

रांगेतला :

नमस्कार. गेली तीन वर्षे मी रोज सकाळी एका बसमार्गाच्या अगदी पहिल्या थांब्यावरून प्रवास करतो, म्हणजे जिथे बस येऊन संपते, वळते आणि पुन्हा निघते त्या टोकावरून. तेथे रोज दिसणाऱ्या एका दृश्याचा मला अजून उलगडा झालेला नाही. रांगेत तीसचाळीस माणसे ताटकळत असतात आणि रांगेपासून वीस पावलांवर आमच्याच क्रमांकाच्या दोन, कधी तीन बस इंजिन बंद करून, दारे लावून शांतपणे उभ्या असतात. परवा मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिले. ८ वाजून ०४ मिनिटांनी आलेली बस ८ वाजून १७ मिनिटांनी रांगेपाशी आली. मधल्या तेरा मिनिटांत चालक खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठेतरी जाऊन आला आणि नंतर आसनावर डोळे मिटून बसून राहिला.

माझा हिशोब साधा आहे. बस आहे, चालक आहे, प्रवासी आहेत. तर मग आल्या आल्या प्रवासी घेऊन निघायला हरकत काय? तेरा मिनिटे प्रत्येक फेरीला वाचली, तर त्याच गाड्यांमध्ये कितीतरी जास्त फेऱ्या होतील. शिवाय मोबाइलवरील ॲप सांगते की बस ‘१ मिनिटावर’ आहे, आणि ती खरोखरच एका मिनिटाच्या अंतरावर असतेही, फक्त हलत नाही! हे कोण ठरवते, आणि निदान दारे उघडून लोकांना आत बसू का देत नाहीत, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

आगारनिवृत्त :

आपले निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बराचसा चुकीचा आहे. एका परिवहन सेवेच्या वेळापत्रक विभागात मी बावीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीचशी वर्षे नेमक्या याच मिनिटांवर वाद घालण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी आपलाच हिशोब पुरा करू. समजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला ५० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी १० मिनिटे थांबा दिलेला आहे. म्हणजे एका बसचे जाऊन-येऊन पूर्ण आवर्तन १२० मिनिटांचे झाले. दर १० मिनिटांनी एक बस सोडायची असेल, तर या मार्गावर १२ बस लागतील. आता आपण म्हणता तसे दोन्ही टोकांचे थांबे काढून टाका. आवर्तन १०० मिनिटांवर आले आणि त्याच १२ बस दर ८ मिनिटे २० सेकंदांनी सुटू लागल्या. प्रवासी वाटेल तेव्हा थांब्यावर येतो असे धरले, तर त्याची सरासरी प्रतीक्षा दोन बसमधील वेळेच्या निम्मी असते. म्हणजे ती ५ मिनिटांवरून ४ मिनिटे १० सेकंदांवर आली. एवढा सगळा खटाटोप करून हाती पन्नास सेकंद लागले, आणि तेही सगळे सुरळीत चालले तरच.

ते सुरळीत चालत नाही, हीच तर खरी गोम आहे. वर मी सहज ‘५० मिनिटे’ म्हटले, पण प्रत्यक्षात तोच प्रवास कधी ४४ मिनिटांत होतो, तर कधी त्याला ६१ मिनिटे लागतात. पाऊस, बंद पडलेला ट्रक, एका थांब्यावर एकदम चढलेली शाळेची सहल, चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशासाठी काढलेला उतार, यांतले काहीही पुरते. मग वेळापत्रकात धावण्याचा वेळ किती लिहायचा? ६१ लिहिला, तर रस्ता मोकळा असलेल्या दिवशी चालकाला बस रांगत न्यावी लागते किंवा मधल्याच थांब्यांवर वेळ काढत उभे राहावे लागते, आणि तेव्हा आत बसलेली पन्नास माणसे त्याच्या मानेकडे बघत असतात. म्हणून धावण्याचा वेळ नेहमीच्या दिवसाचा धरायचा आणि सगळी ओढाताण मार्गाच्या टोकाला नेऊन ठेवायची, अशी रीत आहे. बसमध्ये कोणीच नसते अशी मार्गावरची जागा ती एकच. आपण पाहिलेली तेरा मिनिटे ही त्या साठवणीची आहेत. त्या दिवशी बस लवकर पोहोचली असेल, म्हणून ती साठवण आपल्याला डोळ्यांनी दिसली. ज्या दिवशी बस दहा मिनिटे उशिरा येते, त्या दिवशी ती आल्या पावली वळून निघते आणि आपल्या लक्षातही येत नाही की थांबा त्या दिवशीही होता, फक्त तो खर्ची पडला होता.

ही साठवण नसेल तर काय होते, तेही सांगतो. नऊ मिनिटे उशिरा पोहोचलेली बस परतीला नऊ मिनिटे उशिरा निघते. एव्हाना तिच्या वाट्याची रांग दुप्पट झालेली असते, म्हणून प्रत्येक थांब्यावर तिला जास्त वेळ लागतो आणि पलीकडच्या टोकाला ती बारा-तेरा मिनिटे उशिरा पोहोचते. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ती मागच्या बसच्या वेळेत शिरलेली असते. मग नियंत्रण कक्षाकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे तिला अर्ध्या वाटेतून परत वळवणे. त्यामुळे पुढच्या थांब्यांवरील लोकांची एक फेरी बुडते आणि बसमधील लोकांना रस्त्यात उतरावे लागते. सकाळी न दिलेल्या दहा मिनिटांची किंमत दुपारी अकरा वाजता, भलत्याच लोकांकडून वसूल होते.

आता तीन बस का दिसतात, ते पाहू. बस आणि चालक ही एकच वस्तू आहे, असे प्रवाशाला वाटते. वेळापत्रकात ती दोन वेगळी कामे असतात. आधी गाड्यांच्या साखळ्या बांधतात, म्हणजे कोणती गाडी कोणती फेरी संपवून कोणती फेरी घेईल ते ठरते. त्यानंतर त्या साखळ्या कापून माणसांच्या पाळ्या केल्या जातात. गाडी पहाटेपासून रात्रीपर्यंत सोळा-सतरा तास धावू शकते, माणूस तेवढा धावू शकत नाही. त्यामुळे आपल्याला दिसलेल्या तीन बसपैकी एक तिच्या सुटण्याच्या वेळेची वाट पाहत असेल, दुसरी बदली चालकाची, आणि तिसरीचे गर्दीच्या वेळेचे काम संपून ती आगारात परतण्याच्या बेतात असेल. तिघींच्या कपाळावर क्रमांक मात्र एकच असतो.

दारांबद्दल इतरांनी लिहावे. त्या बाबतीत माझे मत आपल्या बाजूचे आहे.

सरासरी :

वरील प्रतिसादात एक गोष्ट राहिली, ती गणिताची आहे, म्हणून भर घालतो. बसच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील समान अंतर प्रवाशाला अधिक उपयोगी पडते, आणि हे आकड्यांत सहज दाखवता येते.

वीस मिनिटांत दोन बस येतात असे समजा, आणि थांब्यावर दर मिनिटाला एक माणूस येतो. बस दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर सरासरी प्रतीक्षा ५ मिनिटांची. त्याच दोन बस १८ मिनिटांनी आणि लगेच २ मिनिटांनी आल्या, तर? वीसपैकी अठरा माणसे त्या लांबलेल्या अंतरात येऊन अडकतात आणि सरासरी ९ मिनिटे थांबतात. उरलेली दोन माणसे सरासरी १ मिनिट. सगळ्यांची मिळून सरासरी ८ मिनिटे १२ सेकंद होते. कागदोपत्री तासाला सहा बस दोन्हीकडे तितक्याच धावल्या. शिवाय अठरा माणसे पहिल्या बसमध्ये कोंबली गेली आणि दुसरी रिकामी गेली. ‘बस नेहमी खच्चून भरलेल्या असतात’ असे प्रवासी म्हणतो आणि ‘आमच्या बस सरासरीने अर्ध्या रिकाम्या धावतात’ असे व्यवस्थापन म्हणते, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

हे बिघडलेले अंतर आपोआप सुधारत नाही, उलट वाढत जाते. पुढची बस थोडी मागे पडली की तिला जास्त प्रवासी मिळतात, त्यामुळे ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला कमी प्रवासी मिळतात, म्हणून ती पुढे सरकते, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या पाठीला लागतात. न्यूएल आणि पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये याची गणिती मांडणी केली होती. अशा रीतीने जुळलेल्या बसची जोडी फोडायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे मार्गाचे टोक. तेथे मागे धरून ठेवलेली बस ही एका अर्थाने दुरुस्त केली जात असलेली बस असते.

लंडनमध्ये तासाला पाच किंवा त्याहून अधिक बस असलेल्या मार्गांवर म्हणूनच ‘बस वेळेवर आली का’ हे मोजत नाहीत, तर ‘ठरल्यापेक्षा प्रवाशाला किती जास्त थांबावे लागले’ हे मोजतात. तिथे तर चालत्या मार्गावरच्या बसलाही मध्येच थांबवून ठेवतात आणि आत तशी उद्घोषणा होते. आतल्या प्रवाशांना ते अजिबात आवडत नाही, हे सांगायला नको. बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये याहून टोकाचा मार्ग मांडला. त्यांनी वेळापत्रक बाजूलाच ठेवले आणि टोकाला आलेल्या बसने किती थांबायचे, हे तिच्या मागची बस किती मिनिटांवर आहे त्यावरून ठरवले. अटलांटातील जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बसवर त्यांनी ते चालवूनही पाहिले. मागची जवळ असेल तर लवकर निघायचे, लांब असेल तर जास्त थांबायचे, एवढाच नियम. तरी बसमधील अंतरे हळूहळू आपोआप सारखी होत गेली. पण लक्षात घ्या, या पद्धतीतही टोकाचा थांबा शून्य झालेला नाही. सगळी किमया तिथेच आहे.

उलटतपासणी :

दोन्ही प्रतिसाद वाचून असे वाटू लागते की उभी असलेली प्रत्येक बस काही थोर कार्य करत आहे. मी इतका उदार नाही.

पहिली गोष्ट, थांबा दिवसभर सारखाच का? पहाटे सहा वाजता रस्ता मोकळा असताना दहा मिनिटे आणि सायंकाळी सहा वाजता वाहतूक तुंबलेली असतानाही दहाच मिनिटे, असे वेळापत्रक ज्याने केले त्याने काही मोजलेले नाही, जुना कागद पुढे ओढला आहे. आता प्रत्येक बसमध्ये स्थान सांगणारे यंत्र असते, प्रत्येक फेरीची नोंद साठते. कोणत्या तासाला किती वेळ लागतो, हे वर्षभराच्या नोंदींवरून काढता येते आणि थांबाही त्याप्रमाणे बदलता येतो. रांगेतला यांना रोज सकाळी तेरा मिनिटांचा थांबा दिसत असेल, तर त्याचा एक अर्थ असाही होतो की त्या वेळेला धावण्याचा वेळ गरजेपेक्षा जास्त लिहिला आहे आणि तेथे एक बस फुकट अडकून पडली आहे.

दुसरी गोष्ट, चालकाला विश्रांती हवी म्हणून गाडीनेही विश्रांती घेतलीच पाहिजे, असे थोडेच आहे? आलेला चालक उतरतो आणि आधी येऊन विश्रांती घेतलेला चालक तीच गाडी घेऊन निघतो, अशी पद्धत अनेक भुयारी रेल्वेंमध्ये रोज चालते. बसमध्ये ती का नको?

तिसरी गोष्ट, मूळ कारण कोणी काढतच नाही. धावण्याच्या वेळेत ४४ ते ६१ असा फरक मुळात पडतो कशाने? रस्त्यावर बसला स्वतःची मार्गिका नाही, आणि प्रवासी एका दारातून चढत असताना तिकिटाचा व्यवहार दारातच चालतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या, आणि १९९१ मध्ये बसच्या पायरीइतक्या उंचीचे, आधीच भाडे घेणारे नळीच्या आकाराचे थांबे आणले. दार उघडले, माणसे सपाटीवरून आत गेली, दार लागले. फरकच कमी केला, तर साठवणही कमी लागते. वेळापत्रकवाले टोकाला मलमपट्टी करत बसतात, कारण जखम जिथे आहे तो रस्ता त्यांच्या अखत्यारीत नसतो.

आगारनिवृत्त :

उलटतपासणी यांचा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि पहिलाही बऱ्याच अंशी. सरासरीवर विसंबून जुने कागद पुढे ढकलण्याचे पाप आमच्या विभागाने केलेले आहे. मी स्वतः एका मार्गाचा धावण्याचा वेळ सहा वर्षांनी तपासला, तेव्हा मधल्या काळात त्या रस्त्यावर दोन नवे सिग्नल बसलेले होते.

चालक बदलून गाडी लगेच सोडण्याची पद्धत मात्र वाटते तितकी फुकट नाही. प्रत्येक टोकाला एक माणूस कायम जास्तीचा लागतो, आणि त्याने चालकाची विश्रांती सुटते, गाडीचा उशीर सुटत नाही. नऊ मिनिटे उशिरा आलेली गाडी ताज्या चालकाच्या हाती दिली, तरी ती नऊ मिनिटे उशिराच निघणार.

ॲपबद्दल विचारले होते, ते राहिले. बऱ्याच ठिकाणी ते बसची जागा आणि थांब्याचे अंतर पाहून वेळ सांगते. बस उभी आहे ती फेरी संपली म्हणून की सिग्नल लागला म्हणून, हे त्याला कळायचे असेल, तर पुढची फेरी किती वाजता सुटणार हे वेळापत्रकातून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. ते पोहोचले नाही की आपली ‘१ मिनिटावरची’ बस तेरा मिनिटे एका मिनिटावरच राहते.

चाकावरची :

मी बस चालवते, म्हणून डोळे मिटून बसलेल्या त्या चालकाच्या बाजूने थोडे लिहिते.

माझ्या तक्त्यावर टोकाला १० मिनिटे लिहिलेली असतात. बस टोकाला पोहोचली की आधी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कोणी झोपून राहिले आहे का, काही विसरले आहे का, ते पाहावे लागते. छत्री आणि डबा तर ठरलेलेच, एकदा बाकाखाली शाळेच्या दप्तराऐवजी चक्क जिवंत कासव असलेला डबा सापडला होता. मग खाली उतरून टायर आणि आरसे पाहायचे, फलकावरचा मार्ग उलट करायचा, यंत्रावर नवी फेरी सुरू करायची. यात तीन-चार मिनिटे जातात. उरलेल्या वेळात स्वच्छतागृह. अनेक टोकांना ते नसतेच किंवा समोरच्या इमारतीत जाऊन विनंती करावी लागते. ज्या फेरीला बस सात मिनिटे उशिरा पोहोचते, त्या फेरीला मला ठरवावे लागते की गाडी तपासायची की स्वतःकडे पाहायचे. मी पाणी कमी पिते. माझ्या ओळखीच्या बहुतेक चालक स्त्रिया तेच करतात.

दारे बंद ठेवण्याचे कारण असे की दार उघडले की विश्रांती संपली. एक माणूस आत आला की तो विचारणार, ‘कधी सुटणार, अमुक ठिकाणी जाते का, सुटे आहेत का’, आणि आत कोणी बसलेले असताना गाडी सोडून खाली जाण्याची मला मुभा नाही. एखाद्याने आतून काही दाबले किंवा कोणी पडले, तर जबाबदारी माझी. मात्र कडक उन्हात आणि पावसात मी दार उघडते, स्वतः आसनावर बसून राहते आणि मग ती दहा मिनिटे माझी नसतात. तो डोळे मिटून बसलेला चालक बहुधा चौथ्या फेरीवर असावा. ब्रिटनमध्ये शहर बसच्या चालकाला सर्वसाधारणपणे साडेपाच तास चालवल्यावर किमान ३० मिनिटांची सुट्टी द्यावी लागते, आणि इतर देशांतही असे काही नियम आहेत. पण ती सुट्टी निराळी आणि ही टोकाची मिनिटे निराळी, हे प्रवाशांना बाहेरून कळण्याचा काही मार्ग नाही.

विजेच्या बसचे आणखी वेगळे असते. काही मार्गांवर टोकालाच वरून चार्जिंगचा दांडा खाली येतो, आणि ती दहा मिनिटे बससाठी इंधन असतात. चीनमधील शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक बसचा आपला सगळा ताफा विजेवर आणला. अशी बस उशिरा आली म्हणून लगेच सोडायची की तिला भरू द्यायचे, हा पेच डिझेलच्या काळात नव्हता.

रांगेतला :

सर्वांचे आभार. पन्नास सेकंदांचा हिशोब वाचून मी जरा खजील झालो. कालपासून मी बस किती वाजता आली तेही लिहू लागलो आहे आणि खरोखरच, उशिरा आलेली बस आल्या आल्या निघते. तिच्याकडे माझे लक्षच जात नव्हते.

एक शंका उरते. ज्या मार्गाला टोकच नाही, म्हणजे जी बस शहराभोवती गोल फिरत राहते, तिचे काय? तिथे ही साठवण कुठे ठेवतात?

आगारनिवृत्त :

आपण वेळापत्रकवाल्यांच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. गोल मार्ग नकाशावर अतिशय देखणा दिसतो आणि चालवायला अतिशय वाईट असतो. कुठेही थांबवले तरी बसमध्ये माणसे असतात, आणि एकदा पडलेला उशीर गोल गोल फिरत राहतो. लंडनच्या भुयारी रेल्वेतील सर्कल मार्गाची हीच रड होती. अखेर डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी ते वर्तुळ तोडले, गाड्या एजवेअर रोडपासून पूर्ण फेरा मारून पुढे हॅमरस्मिथपर्यंत नेल्या आणि मार्गाला दोन टोके दिली. बसच्या बाबतीत आम्ही कागदावर एक थांबा ‘टोक’ म्हणून ठरवतो आणि तिथे चार-पाच मिनिटे लिहितो. त्या थांब्यावर आत बसलेले प्रवासी काय बोलतात, ते चाकावरची यांना विचारा.

चाकावरची :

ते इथे लिहिण्यासारखे नाही.